पीएस५, एक्सबॉक्स की स्विच: दोन मुलांच्या घरात कोणता कन्सोल घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७, घरात एकच टीव्ही आणि बजेट ५० हजारांच्या आसपास. दुकानदार म्हणतो, डोळे झाकून प्लेस्टेशन ५ (म्हणजेच पीएस५) घ्या. मुलालाही तोच हवाय, कारण वर्गातल्या मित्रांकडे तोच आहे. दीर दिवाळीला अमेरिकेहून येताहेत, ते म्हणतात निन्टेन्डो आणतो. तुमची स्वतःची अट एकच आहे, दोघांनी मिळून खेळावं.

ही अट खरी असेल तर दिरांना निन्टेन्डोचा नवा कन्सोल, स्विच २, आणायला सांगा. दुकानदार काही चुकीचं सांगत नाहीये. त्याच्या डोळ्यासमोरचं गिऱ्हाईक वेगळं आहे, एवढंच.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांची लढाई एकाच माणसासाठी चाललेली असते. हा माणूस साधारण बारा-चौदाच्या पुढचा. मोठ्या टीव्हीसमोर एकटा बसणार, कानाला हेडफोन लावणार, आणि मित्र असले तरी ते आपापल्या घरून ऑनलाइन येणार. दोन्ही यंत्रांच्या पोटात एएमडीच्याच चिप, दोन्हीत गेम साठवायला वेगवान एसएसडी, आणि फुटबॉल, गाड्या, गोळीबार अशातले बहुतेक मोठे गेम दोन्हीकडे मिळतात. ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या गेममध्ये तर पीएस५वाला मुलगा एक्सबॉक्सवाल्याशी थेट सामना खेळू शकतो. त्यामुळे 'मित्रांकडे आहे म्हणून तोच हवा' या हट्टात ऑनलाइन खेळण्याचा मुद्दा वाटतो तेवढा मोठा नाही.

मोठा मुद्दा डिस्कचा आहे, आणि आपल्याकडे तोच निर्णायक ठरतो. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर मुलगा तो संपवतो, मित्राशी अदलाबदल करतो, नाहीतर विकून बरेचसे पैसे सोडवतो. डिजिटल, म्हणजे नेटवरून उतरवून घेतलेला गेम अकाउंटला चिकटलेला असतो, तो ना कुणाला देता येत ना विकता. पीएस५चा स्लिम हा आटोपशीर मॉडेल एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिजिटलची ४४,९९० होती. सणासुदीच्या सेलमध्ये काही हजार उतरतात. वरचे दहा हजार जड वाटतात, पण मित्रमंडळात डिस्क फिरत असतील तर वर्षभरात वसूल होतात. पीएस५ घ्यायचं ठरलंच तर डिजिटल घेऊ नका.

एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची फटच नाही. २०२० मध्ये तो ३४,९९० रुपयांना आला. लहान, सुबक, आवाज जवळजवळ नाही. पण आतली ५१२ जीबी जागा सिस्टिम वजा जाता साडेतीनशेच्या थोडी वर उरते, आणि आजकालचे काही गेम एकटेच शंभर जीबी खातात. एक काढ, दुसरा घाल, असं सारखं चालतं. एक्सबॉक्सचं खरं बळ गेम पासमध्ये आहे. महिन्याची वर्गणी भरली की शेकडो गेम उघडतात. ज्याला दर आठवड्याला नवीन काहीतरी चाखून बघायचंय, ज्याच्याकडे तगडं ब्रॉडबँड आहे, त्याच्यासाठी ही योजना फार छान होती. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट, म्हणजे त्यातली सगळ्यात वरची वर्गणी, महिन्याला १९.९९ वरून थेट २९.९९ डॉलरवर गेला आणि भारतातही दर वाढले. शिवाय एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने आपले गेम प्लेस्टेशनवर द्यायला सुरुवात केलीय. फोर्झा होरायझन ५ हा एक्सबॉक्सची शान समजला जाणारा गेम एप्रिल २०२५ पासून पीएस५वरही मिळतो. तुमच्या घरासाठी मी एक्सबॉक्स यादीतून काढून टाकेन.

आता निन्टेन्डो. ही क्योटोची कंपनी, १८८९ साली सुरू झाली ती हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवण्यासाठी. मला नेहमी वाटतं की पत्ते खेळायला माणसं गोल करून बसतात हे ती कधीच विसरली नाही. २००६ मध्ये वी हा कन्सोल आला तेव्हा त्याला एचडी चित्रसुद्धा दाखवता येत नव्हतं. समोर पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० ताकदीने कितीतरी पुढे होते. तरी वी १० कोटींच्या वर खपला आणि ते दोघं ९ कोटींच्या आत राहिले. ज्यांनी आयुष्यात कधी गेमचा रिमोट धरला नव्हता अशा आज्या-आजोबांनी तो हातात धरला, हे त्यामागचं मोठं कारण.

स्विचमध्ये हीच रीत पुढे चालू आहे. यंत्राच्या दोन बाजूंना लावलेले जॉय-कॉन नावाचे बटणांचे तुकडे काढले आणि आडवे धरले की दोन कंट्रोलर तयार. बॉक्स उघडल्या दिवसापासून भाऊ-बहीण दोघं खेळू शकतात, वेगळा खर्च नाही. पीएस५बरोबर एकच कंट्रोलर येतो आणि दुसऱ्याला सहा हजारांच्या आसपास लागतात. मारिओ कार्ट ८ डीलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये 'स्मार्ट स्टिअरिंग' नावाची सोय आहे. ती चालू केली की त्या खेळाडूच्या गाडीच्या मागे छोटासा अँटेना दिसतो आणि गाडी रस्ता सोडून खाली पडत नाही. दुसऱ्या सोयीने गाडी आपोआप पळत राहते, बटण दाबून धरावं लागत नाही. म्हणजे सात वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच शर्यतीत उतरतात, तिच्या गाडीला अँटेना, त्याच्या गाडीला नाही. तो आपला पूर्ण कस लावून खेळतो आणि ती रडत बाजूला बसत नाही. मुलांसाठी इतका बारीक विचार केलेला पाहिला की मला खरंच भरून येतं. आमच्याकडे सासूबाई स्विच स्पोर्ट्समधलं बॉलिंग खेळतात. मनगटाला पट्टी अडकवायची आणि हात फिरवायचा, बाकी काही शिकावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवलेला 'राजी' हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी स्विचवर आला, बाकीच्या यंत्रांवर ऑक्टोबरमध्ये. आपल्या पुराणकथांवर उभा राहिलेला, आपल्या माणसांनी केलेला हा गेम ज्या यंत्रावर आधी उतरला, ते यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

स्विचची अडचण हीच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात आयात केलेले सापडतात, पण वॉरंटी इथे चालत नाही. जुन्या स्विचच्या जॉय-कॉनची अंगठ्याने फिरवायची काडी हात न लावता सरकायला लागायची, ही तक्रार जगभर गाजली. असं काही झालं तर दुरुस्तीसाठी ओळखीचा कारागीर शोधावा लागतो. भारतासाठी ऑनलाइन दुकान नाही, त्यामुळे अकाउंट अमेरिकेचं करायचं आणि पैसे गिफ्ट कार्डाने भरायचे. गेमच्या किंमतीही फारशा उतरत नाहीत. हे सगळं माहीत असूनही मी तुम्हाला तोच सांगतेय, कारण दीर आणताहेत आणि खेळणारे दोघं आहेत.

मुलाचा जीव फुटबॉलवरच असेल, बहिणीबरोबर तो आठवड्यातून जेमतेम एकदा खेळणार असेल, तर मात्र पीएस५ डिस्कवाला घ्या आणि दुसरा कंट्रोलर त्याच दिवशी घ्या, नाहीतर मुलगी नुसती बघत बसेल. त्यात ॲस्ट्रोज प्लेरूम आधीपासून फुकट असतो, तिला तो नक्की आवडेल. दोघांसाठी सॅकबॉय: अ बिग ॲडव्हेंचर घ्या. लाइट जात असेल तर इन्व्हर्टरचंही बघा, पीएस५ मोठ्या गेमला दोनशे वॅटच्या आसपास ओढतो. स्विच बॅटरीवर चालतो, लाइट गेली तरी खेळ थांबत नाही. वेळेची मर्यादा दोन्हींवर फोनवरून घालता येते.

दिरांना सांगायच्या गोष्टी: स्विच २ हा कन्सोल अमेरिकेत जून २०२५ मध्ये ४५० डॉलरला आला. जपानमध्ये मिळणारा स्वस्त मॉडेल फक्त जपानी भाषेत चालतो, तो कुणी देऊ केला तरी घेऊ नका. चार्जर आपल्या व्होल्टेजवर चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागेल. गेम घेताना बॉक्सवर 'गेम-की कार्ड' लिहिलेलं नाही ना, हे बघायला सांगा. तसल्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते, आणि सगळा गेम नेटवरून उतरवावा लागतो. मेमरी कार्ड आणलंच तर मायक्रोएसडी एक्सप्रेस आणायचं, स्विच २ला मोबाइलमधल्या साध्या कार्डावर गेम साठवता येत नाहीत.