पगार किती, हे घरी सांगा

दुबईहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान चौदा वर्षं तिथे एका बांधकाम कंपनीत आहेत, दोन मुलं शाळेत. लालबागला सासूबाई आणि दीर. सासरे गिरणीत होते. दर महिन्याला घरी पैसे जातात, शिवाय बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता. वर्षभरापूर्वी पगार कमी झाला, पण यजमानांनी घरी कळवलेलं नाही. आता दिरांनी मुलीच्या लग्नासाठी आठ लाख मागितलेत. ताई विचारतात, "नाही म्हटलं तर म्हणतील, तिकडे जाऊन बदलले. काय करू?"

ताई, मीही लालबागचाच. माझे वडील संगमेश्वरकडून गिरणीत आले. गावकीच्या खोलीत वीसेक जण, पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर. गणपतीला गावी जाताना मात्र नवा सदरा, पोरांना खाऊ, आजीला लुगडं. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, मनीऑर्डर थांबली, तेव्हा काकांना कळलं की वडिलांच्या हातात शिल्लक काहीच नव्हती. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर मी बैलजोडी घेतली नसती."

मुंबई आणि दुबईचं नातं जुनं आहे. १९६६ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. आखातासाठी आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून वेगळ्या नोटा काढत होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बंदरं, रस्ते, इमारती उभ्या राहू लागल्या आणि माणसं कमी पडली. इकडे पुढे गिरण्यांचे भोंगे बंद झाले. माणसं गेली, ती हौसेने नाही.

आज दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम. म्हणून रुपया घसरला की तेवढ्याच दिरहमचे इथे जास्त रुपये होतात. तुमच्या घरातला गैरसमज इथूनच वाढलाय, असं मला वाटतं. तुम्ही दिरहम कमी पाठवत असाल, तरी दिरांच्या पासबुकात आकडा जवळपास तोच दिसत असेल. घरभाडं आणि शाळेची फी दिरहममध्ये जाते, ती त्यांना दिसतच नाही. त्यांनी मागितलं यात त्यांची चूक नाही.

आधी तुम्ही दोघं कागद घेऊन बसा. तिथे परदेशी नोकरदाराला सरकारी पेन्शन नाही. हक्काची ग्रॅच्युइटी मिळते, ती मूळ पगारावर: पहिली ५ वर्षं दर वर्षाला २१ दिवस, पुढे दर वर्षाला ३० दिवस. चौदा वर्षांचे ३७५ दिवस होतात, म्हणजे साडेबारा महिन्यांचा मूळ पगार, भत्ते सोडून. नोकरी गेली तर व्हिसाही जातो, आणि ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी नाही मिळाली तर परतावं लागतं. ही रक्कम त्या दिवसासाठी आहे, लग्नासाठी नाही. आणि लग्नासाठी तिथल्या बँकेचं कर्ज तर कृपा करून काढू नका. हप्ते थकले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर देश सोडण्यावर बंदी येऊ शकते.

 

मग यजमानांनी भावाला स्वतः फोन करावा. तुम्ही नको, नाहीतर बोल तुमच्यावर येईल. पगार, भाडं, फी, हप्ता आणि उरतात ते, सगळं दिरहममध्ये सांगावं. त्याच फोनवर आपण काय देऊ शकतो तेही सांगावं: पुतणीचं मंगळसूत्र, हॉलचं भाडं, जे झेपेल ते. नुसता नकार देऊन फोन ठेवू नये.

सासूबाईंशी मात्र तुम्ही बोला. त्यांनी संपात घर चालवलंय. पगार थांबतो म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.