वाचकांचे प्रश्न : आवडीला क्रमांक देताना

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी सगळे जमले की प्रत्येकाने आपल्या आवडत्या विनोदी मालिकांची आणि चित्रकथांची क्रमवार यादी लिहून वाचून दाखवायची, असा प्रघात आहे. यंदा मी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेला पहिले स्थान दिले, धाकट्या भावाने 'चिमणराव'ला आणि मुलीने 'साराभाई वर्सेस साराभाई'ला. चित्रकथांमध्ये भाऊ वेताळावर (म्हणजे 'फँटम'वर) अडून बसला आणि मुलगी 'चिंटू'वर. साऱ्या घराची मिळून एक यादी करायचे ठरले होते, ते राहूनच गेले. क्रमांक कशाच्या आधारे द्यावेत?
— एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : साऱ्या घराची एक यादी करण्याचा आग्रह आपण सोडावा, असे मी सुचवेन. त्याऐवजी प्रत्येकाने क्रमांकासमोर एका वाक्यात कारण लिहावे. मालिका आणि चित्रकथा यांचीही सरमिसळ करू नये. मालिकेतला विनोद लेखक, नट आणि दिग्दर्शक यांनी मिळून साधलेला असतो, तर चित्रकथेत आपण मुख्यतः एका हाताची रेषा पाहत असतो.

मालिकांसाठी मी एकच कसोटी लावतो : प्रसंग पाठ झाल्यावरही हसू येते का? पहिल्या वेळी आपण अनपेक्षित गोष्टीला हसतो, आणि ते अनपेक्षितपण दुसऱ्या वेळी उरत नाही. त्यानंतरही जे हसू येते ते त्या माणसाशी झालेल्या ओळखीतून येते, आणि क्रमांक द्यायचा तो या दुसऱ्या हसण्याला, असे माझे ठाम मत आहे.

या कसोटीवर मीही आपल्याप्रमाणे टिपऱ्यांनाच पहिला क्रमांक देतो. केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली, त्या वेळी दिलीप प्रभावळकर यांनी स्वतः साठी गाठलेली नव्हती. तरीही त्यांचे आबा पाठीच्या बाकापासून बोलण्यातल्या थांब्यापर्यंत आजोबाच वाटतात. मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडे शिऱ्या व शलाका यांपैकी कोण समोर आले की आबांचा स्वर कसा बदलेल, हे आपल्याला ठाऊक असते आणि तरीही आपण त्या क्षणाची वाट पाहतो. कुणालाही खलनायक न करता तीन पिढ्यांच्या घरातले मतभेद इतक्या मायेने दाखवणारी दुसरी मराठी मालिका मला आठवत नाही.

दुसऱ्या क्रमांकावर मी आपल्या मुलीची 'साराभाई' ठेवतो. २००४ साली आली तेव्हा तिला पुरेसा प्रेक्षक मिळाला नव्हता. तिच्यावर लोकांचे प्रेम जडले ते पुढे, पुनःप्रक्षेपण पाहता पाहता. सुनेला टोमणे मारणाऱ्या मायाच्या तोंडून 'मिडल क्लास' हे शब्द केव्हा निघणार, हे आधी कळत असल्यामुळेच त्यांची गंमत वाढते. येथे सतीश शाह यांच्या कामाची तुलना करून पाहण्यासारखी आहे. १९८४ सालच्या 'ये जो है ज़िंदगी'मध्ये ते प्रत्येक भागात निराळे सोंग घेऊन येत आणि आपण त्यांच्या कसबाला दाद देत असू. 'साराभाई'त मात्र ते प्रत्येक भागात एकच इंद्रवदन राहिले आणि घरातलेच झाले. 'ये जो है ज़िंदगी'ला मी चौथे स्थान देतो, ते याच कारणासाठी.

'चिमणराव'ला मी क्रमांकच देत नाही. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची ही मालिका मी लहानपणी, मे महिन्याच्या सुटीत, मुंबईला मावशीच्या चाळीत पाहिली. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ पाहायला त्या एका खोलीत सारा मजला लोटलेला असे. मला आज आठवते ते त्या खोलीतले हसणे. प्रसंग फारसे आठवत नाहीत. जे मी पुन्हा पाहिलेले नाही, त्याला क्रमांक देणे मला योग्य वाटत नाही. आपल्या बंधूंना मात्र प्रसंग आठवत असतील, तर त्यांचा पहिला क्रमांक मान्य करावा.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. कॉमिक्सच्या चित्रकारांची क्रमवारी लावताना प्रताप मुळीक यांच्यासारख्या शरीररचनेवर हुकमत असलेल्या चित्रकाराशेजारी 'चिंटू'च्या साध्या रेषेला जागा द्यावी का? वर्गातील बहुतेकांना ते पटत नाही.
— एक विद्यार्थी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : अवश्य द्यावी. आपल्या वर्गमित्रांचा आक्षेप मला समजतो, कारण तो आपल्या गावच्या डोळ्यांतूनच आलेला आहे. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या कलापुरात आपण छायाप्रकाश, अंगाची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या पाहत वाढतो, त्यामुळे ज्या चित्रात हे सारे दिसते ते श्रेष्ठ आणि ज्यात दिसत नाही ते पोरखेळ, अशी समजूत नकळत होऊन बसते. परंतु ५ फुटी कॅनव्हासची मापे ३ इंची चौकटीला लावता येत नाहीत. शिवाय रेषेची परंपराही कोल्हापूरला परकी नाही. व्यंगचित्रकार वसंत सरवटे १९२७ साली येथेच जन्मले, आणि शि. द. फडणीस यांचे शालेय शिक्षणही येथेच झाले.

आपण एक प्रयोग करून पाहावा. कोणत्याही चित्रकथेतील संवादांवर कागदाच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि केवळ चित्रांवरून काय घडले ते सांगता येते का, ते पाहावे. एका चौकटीतून दुसरीत जाताना किती वेळ गेला, कोण रागावले, कोणी माघार घेतली, हे कळत असेल तर तो कॉमिक्सचा चित्रकार थोर आहे, मग त्याने स्नायू रेखाटलेले असोत वा नसोत. चारुहास पंडित यांनी १९९१ पासून प्रभाकर वाडेकर यांच्यासह 'चिंटू' रोजच्या वृत्तपत्रासाठी केला. तीन-चार चौकटींत भुवईची एक रेघ वर-खाली करून मुलाचा हिरमोड दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा तसाच ओळखू यावा, हे काम किती अवघड आहे, ते आपण सलग ७ दिवस करून पाहिले म्हणजे कळेल.

माझ्या यादीत पहिले नाव राम वाईरकर यांचे आहे. 'अमर चित्र कथा'तील कृष्ण त्यांनी रेखाटला आणि 'टिंकल'मधील सुप्पांडीही त्यांनीच. एकीकडे लावण्य, दुसरीकडे लांबट डोक्याचा भाबडा नोकर, आणि दोन्हींकडे चौकटीतील हालचाल तितकीच जिवंत. दुसरे स्थान मी मुळीक यांना देतो. 'अमर चित्र कथा'पासून 'नागराज'पर्यंत त्यांच्या चित्रांत माणसाच्या देहाला खरे वजन आहे. मात्र त्यांच्या काही पानांवर माझी नजर एकाच देखण्या चौकटीवर अडते आणि गोष्ट थांबते, म्हणून पहिले नाही. तिसरे स्थान पंडित यांचे.

'चांदोबा' मासिकाचे चित्रकार शंकर या यादीत नाहीत. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला त्यांचा विक्रम मी जन्मभर विसरणार नाही, परंतु ते कथाचित्र आहे, त्याला पुढची चौकट नाही. त्यांची यादी वेगळी करावी लागेल. 'फँटम' वेताळाचे चाहते त्याचे चित्रकार साय बॅरी यांचे नाव घेतील. त्यांची रेषा उत्तमच होती. पण 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये आपण वाचत असू ती पाने मूळच्या वृत्तपत्री पट्ट्या कापून-जोडून केलेली असत, त्यामुळे त्यांच्या चौकटींची मूळ बांधणी त्या अंकांवरून ठरवू नये.

प्रश्न : 'वागळे की दुनिया' आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आलेली आहे. तिला कोणत्या यादीत घालावे?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मालिकांच्या यादीत, माझ्याकडे ती तिसरी आहे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस व्यंगचित्रात एक शब्दही बोलत नाही, तर १९८८ सालचा अंजन श्रीवास्तव यांचा वागळे भारती आचरेकर यांनी साकारलेल्या पत्नीशी घरखर्चावरून बोलल्याशिवाय उभाच राहत नाही. लक्ष्मण यांची चित्रे मात्र व्यंगचित्रांच्या तिसऱ्या, स्वतंत्र यादीत ठेवावीत.