रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या फार्मा युनिटमध्ये कागदी चार्ट रेकॉर्डरऐवजी (तापमान वगैरे कागदी रोलवर पेनने नोंदवणारं यंत्र) पेपरलेस, म्हणजे तीच नोंद मेमरीत ठेवणारा, घ्यावा का?

घ्या. पेन सुकणं, रोल अडकणं ही कटकट तरी संपेल. जुना १४४ × १४४ मिमीचा असेल तर पॅनेलच्या त्याच १३८ मिमीच्या कटआउटमध्ये (चौकोनी भोकात) बरेच पेपरलेस बसतात. पीटी-१०० नि थर्मोकपल हे तापमानाचे सेन्सर, ४-२० मिलिअँपिअरचा सिग्नल, सगळं युनिव्हर्सल इनपुटवर चालतं.

डोकं लावायचं ते डेटात. माल अमेरिकेला जात असेल तर २१ सीएफआर पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचा अमेरिकी एफडीएचा नियम) आलं: प्रत्येकाचा वेगळा लॉगिन, ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद), छेडछाड पकडता येईल अशी फाइल. नुसती सीएसव्ही एक्सेलमध्ये कोणीही बदलेल. रेकॉर्डरचं घड्याळ सर्व्हरशी जुळवून ठेवा, नाहीतर बॅच रेकॉर्डशी वेळा जुळत नाहीत. मेमरी भरल्यावर जुना डेटा पुसला जातो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या (तोंडी सगळेच ‘नाही साहेब’ म्हणतात). बॅकअप इथरनेटवरून आपोआप जाऊ दे. पेनड्राइव्ह कोणाच्या तरी खिशात घरी जातो.