‘बस’ म्हटले की पिल्लू उड्या मारते

प्रश्न : आमचे ३ महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू फार खेळकर आहे. ‘बस’ म्हटले की ते उड्या मारते आणि हाताला दात लावते. त्याला घरच्या घरी कसे शिकवावे?

उत्तर : खाऊचा लहानसा तुकडा पिल्लाच्या नाकाशी धरून हात सावकाश त्याच्या डोक्यावरून मागे न्यावा, नाक वर गेले की मागचा भाग आपोआप खाली टेकतो आणि नेमक्या त्याच क्षणी शाबासकीसह तुकडा द्यावा, कारण थोडाही उशीर झाला तर बक्षीस कशाचे मिळाले हे त्याला उमगत नाही. हात उंच धरला की पिल्लू उडी मारते. तुमच्याकडे बहुधा हेच घडत असावे. ही हालचाल जमू लागल्यावरच ‘बस’ हा शब्द जोडावा आणि घरातील सर्वांनी तोच वापरावा. (पिल्लापेक्षा माणसांनाच ही शिस्त जड जाते.) सराव ५ मिनिटांपेक्षा लांबवू नये. ‘थांब’ त्यानंतर शिकवावे, तेही एका-दोन सेकंदांपासून. या वयात दुधाचे दात पडू लागत असल्याने चावणे स्वाभाविक आहे; दात लागताच न ओरडता खेळ थांबवावा आणि चघळण्याचे खेळणे पुढे करावे.