इंग्रजीत वरिष्ठांना सल्ला देताना उद्धट वाटू नये म्हणून काय बोलावं?

'प्लीज लावा' असं उत्तर इथे येणारच, म्हणून आधीच सांगते: सल्ल्याला प्लीज लावलं की त्याचा हुकूम होतो. 'प्लीज चेंज द डिझाइन' हे साहेबाचं वाक्य आहे.

पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते तेव्हा आमच्या टीममध्ये सोलापूरकडचा, मराठी माध्यमातला एक मुलगा होता. कामात अतिशय तल्लख. लंडनच्या क्लायंटबरोबर रिलीजचा, म्हणजे सॉफ्टवेअर वापरात आणण्याचा, कॉल चालू होता. पेमेंटच्या स्क्रीनमधला दोष त्यानेच पकडलेला. तो त्यांच्या आर्किटेक्टला, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्या वरिष्ठाला, म्हणाला, 'यू हॅड बेटर पोस्टपोन द रिलीज.' शाळेत याचा अर्थ 'केलेलं बरं' असा शिकवतात. इंग्रज माणसाला त्यात 'नाहीतर बघा' ऐकू येतं. पलीकडे सगळे गप्प. रिलीज पुढे ढकललं गेलं, कारण दोष खराच होता. पण आमच्या टीम लीडने याच्या अप्रेजलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, लिहिलं: ॲटिट्यूड प्रॉब्लेम. मी तेव्हाही भांडले होते. व्याकरण बरोबर, मुद्दा बरोबर, मग ॲटिट्यूड कुठून आला?

आपण 'पुढे ढकला', 'पुढे ढकललंत तर बरं' म्हणतो, तेव्हा मान क्रियापदातच येतो. इंग्रजीत साहेबालाही 'यू' आणि शिपायालाही 'यू', म्हणून ती सोय वाक्याच्या सुरुवातीला करावी लागते: 'कुड वी', 'वुड इट हेल्प इफ', 'आय वंडर इफ'. आधी कारण सांगा, मग सल्ला, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवा.

हे आपोआप येत नाही. हार्टफर्ड आणि बार्डोव्ही-हार्लिग या अमेरिकन संशोधकांनी 1993 साली परदेशी विद्यार्थ्यांच्या प्राध्यापकांशी होणाऱ्या भेटी अभ्यासल्या. मुलं हळूहळू स्वतःहून सुचवायला लागली, पण शब्द मवाळ करायला शिकली नाहीत. प्राध्यापक काय सुचवलं त्यावर बोलायचे, ते कसं मांडलं त्यावर नाही. आमच्या ऑफिसात वेगळं काय होतं?

हां, दोष गंभीर असेल तर 'आय वंडर' करत बसू नका, सरळ 'वी नीड टु स्टॉप धिस' म्हणा. आणि जवळच्या सहकाऱ्याशी एवढी गोलाई ठेवली तर उलट परकं वाटतं.

लीड असाल तर कॉलनंतर ज्युनियरला बाजूला घ्या, कुठलं वाक्य खटकलं आणि त्याऐवजी काय म्हणता आलं असतं ते सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता अप्रेजलमध्ये 'ॲटिट्यूड' लिहिणं मला आजही अन्यायच वाटतो.