ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी

प्रश्न : गाणं रेकॉर्ड करताना मधूनच टिक-टिक, चरचर ऐकू येते. ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला, फरक नाही. इंटरफेस बिघडला का?

बहुतेक नाही. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरपर्यंत नेणारं यंत्र, आणि ड्रायव्हर म्हणजे ते यंत्र कॉम्प्युटरला वापरता यावं यासाठीचा प्रोग्रॅम. इंटरफेसकडून आलेला आवाज कॉम्प्युटर छोट्या छोट्या हप्त्यांत घेतो. या हप्त्याचं माप म्हणजे बफर. आवाजाचे सेकंदाला 48000 नमुने घेताना बफर 128 नमुन्यांचा ठेवला, तर प्रत्येक हप्त्यासाठी जेमतेम 2.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की आवाजात भोक पडतं, तीच तुमची टिक-टिक. बफर 512 केला की हा वेळ 10.7 मिलिसेकंदांवर जातो. चरचर थांबली, तर प्रश्न वेळेचा होता.

पण गाताना एवढा बफर नकोसा होतो, कारण स्वतःचा आवाज कानात उशिरा येतो. म्हणून उशीर नेमका कोण करतंय ते शोधा. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय ते तो नावानिशी दाखवतो. अनेकदा दोषी निघतो तो वायफायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. वायफाय बंद करून पुन्हा रेकॉर्ड करा. सुधारणा झाली, तर इंटरफेसचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकून उपयोग नव्हता हे तुमचं तुम्हालाच कळेल. पॉवर प्लॅनमधली ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही वीज वाचवण्यासाठी यूएसबी यंत्रांना झोपवणारी सोयही बंद करा आणि इंटरफेस हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये लावा. मात्र हे सगळं एकदम करू नका. एक बदल, मग एक चाचणी. नाहीतर गुण कशाने आला ते कधीच समजत नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये ‘एएसआयओफोरऑल’ निवडलं आहे, तरी आवाज उशिरा येतो. कंपनीचा ड्रायव्हर वेगळा असतो का?

असतो, आणि तोच टाका. एएसआयओ ही पद्धत स्टाइनबर्गने 1997 मध्ये आणली. विंडोजचा मिक्सर मध्ये न येता सॉफ्टवेअरने थेट यंत्राशी बोलावं, हा तिचा उद्देश. एएसआयओफोरऑल विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर एएसआयओचं आवरण चढवतं. ज्या यंत्राला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही, त्याच्यासाठी ते फार उपयोगी आहे, पण कंपनीचा ड्रायव्हर मिळत असेल तर त्याची गरज नाही. विंडोज 10 मध्ये 2017 पासून यूएसबी ऑडिओ 2.0 चा, म्हणजे यूएसबीवरच्या ऑडिओ यंत्रांसाठीचा सर्वसाधारण ड्रायव्हर आधीच असतो. त्यामुळे इंटरफेस लावताच आवाज येतो आणि सगळं झालं असं वाटतं. कंपनीचा ड्रायव्हर टाकायचा राहून जातो तो इथेच.

प्रश्न : कालचं रेकॉर्डिंग आज भरभर आणि वरच्या पट्टीत वाजतं.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांचा आकडा, जुळत नाही. 44100 वर घेतलेला आवाज 48000 ने वाजवला, तर वेग जवळपास 9 टक्के वाढतो आणि सूर साधारण दीड सेमीटोन चढतो. प्रोजेक्ट आणि इंटरफेसचं कंट्रोल पॅनल, दोन्हीकडे एकच आकडा ठेवा. रेकॉर्डिंग सुरक्षित आहे, काळजी नको.

प्रश्न : नव्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये माझा जुना इंटरफेस पिवळ्या त्रिकोणासह दिसतो, खाली ‘कोड 39’ लिहिलेलं आहे.

कोड वाचलात, हे उत्तम केलंत. 28 असता तर ड्रायव्हर टाकलेलाच नाही असा अर्थ. 39 म्हणजे विंडोजला तो लोड करता आला नाही. फाइल खराब असू शकते, पण जुन्या ड्रायव्हरच्या बाबतीत आधी विंडोजच्या सुरक्षा सेटिंग्जमधल्या ‘कोअर आयसोलेशन’खालची ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय चालू आहे का ते तपासावं. तिच्याशी न जुळणारा ड्रायव्हर विंडोज आत घेत नाही. ती बंद केली की इंटरफेस चालेलही, पण मी तसं सुचवणार नाही. कॉम्प्युटरचं एक महत्त्वाचं संरक्षण त्यात जातं. कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा. तो नसेल, तर जुना कॉम्प्युटर रेकॉर्डिंगपुरता राखून ठेवणं बरं.

प्रश्न : मॅकवर इंटरफेस दिसतो, त्यावरचे दिवे आवाजाबरोबर हलतात, पण ट्रॅक कोरा येतो.

दिवे हलतात म्हणजे माइक, केबल आणि इंटरफेस ठीक आहेत. 2018 च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून मॅकवर प्रत्येक प्रोग्रॅमला मायक्रोफोनची परवानगी वेगळी द्यावी लागते. एकदा चुकून नकार दिला, की प्रोग्रॅमला यंत्र दिसतं पण हाती नुसती शांतता येते. सेटिंग्जच्या गोपनीयता विभागात तुमच्या सॉफ्टवेअरपुढचं बटण चालू करा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. तरीही ट्रॅक कोराच आला, तर ट्रॅकवर निवडलेला इनपुट क्रमांक पाहा. माइक दुसऱ्या खाचेत आणि ट्रॅक पहिल्यावर, असंही होतं.