लेक लाडकी : अर्ज कुठे अडतो?

प्रश्न : आम्हाला पहिला मुलगा, चार महिन्यांपूर्वी मुलगी झाली. रेशनकार्ड केशरी आहे. मुलगा असल्यामुळे मुलींसाठीच्या ‘लेक लाडकी’ या सरकारी योजनेचे पैसे मिळत नाहीत, असं गावात सांगतात. खरं का? (वाचक, जालना)

उत्तर : खोटं. एक मुलगा, एक मुलगी असेल तर मुलीला लाभ मिळतो. तिचा जन्म १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतरचा हवा, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी हवं. अर्ज अंगणवाडी सेविकेकडेच द्यायचा. जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षं पूर्ण झाल्यावर ७५ हजार, असे एकूण १ लाख १ हजार रुपये. म्हणजे तीन चतुर्थांश रक्कम अठराव्या वर्षी, तीही मुलगी अविवाहित असेल तरच. लहानपणीच्या खाण्यापिण्याला या योजनेचा आधार तोकडाच, हे धरून चाला.

नुसत्या केशरी कार्डावर भागत नाही. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो, आणि महिन्याला साडेआठ हजार मिळकत धरली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. बाळाचं आधार अजून काढलं नसेल तर थांबू नका. पहिल्या हप्त्याला ती अट शिथिल आहे. खरी मेख पुढे आहे. मुलगी दुसरं अपत्य असेल तर दुसऱ्याच हप्त्याच्या अर्जाला, म्हणजे पहिलीत गेल्यावर, आईचं किंवा वडिलांचं कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. शस्त्रक्रिया होईल त्याच वेळी ते दवाखान्यातून घेऊन ठेवा, सहा वर्षांनी जुनी नोंद शोधत बसणं नको.

शिवाय दुसरं अपत्य मुलगी असल्यास प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून आईला एकरकमी ६ हजार मिळतात. त्याची मुदत जन्मापासून २७० दिवस. तुमचे चार महिने गेलेत, तेव्हा आशाताईंना याच आठवड्यात गाठा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जोडलेल्या. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी दुसरं पासबुक भरून आणावं.

प्रश्न : बहिणीचे यजमान वारले. मुलं ९ आणि १२ वर्षांची. काही मदत? (वाचक, वाशीम)

उत्तर : बालसंगोपन योजना. एक पालक गेला असेल तरी चालते, मुलामागे दरमहा २,२५० रुपये, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात प्रत्येक मुलाचा वेगळा अर्ज द्या. मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड आणि आधार जोडा. गृहचौकशी होते, मग बाल कल्याण समितीचा आदेश निघतो. मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि मुलांच्या शाळेतलं वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते अर्जाआधी पाहा.